‘त’च्या पोटातली खाच

पाट्यांच्या दुकानातल्या त्या माणसाला सगळे भिंग म्हणत. खिशात कायम एक भिंग असायचं, हे एक कारण. पण खरं कारण त्याचा स्वभाव. कुणी नुसतं "बरं आहे ना?" विचारलं तरी हा मनात म्हणणार, यानं का विचारलं असेल बरं? दुकानात तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताई कॉम्प्युटरवर बसून गिऱ्हाइकांनी आणलेली गचाळ चित्रं सरळ करायची आणि भिंग ती लाकडात, पत्र्यात उतरवायचा. ताईचा सगळ्यांवर विश्वास आणि भिंगाचा कुणावरच नाही, त्यामुळे दुकान कसं छान तोलून चाललं होतं.

बरं, संशयाला कारण नव्हतं असंही नाही. दोन वर्षांपूर्वी एक गोडबोल्या माणूस दवाखान्याच्या पाटीचा फोटो घेऊन आला होता. "अशीच हुबेहूब करा." यांनी केली. पाटी लागली एका भामट्याच्या खोलीवर, आणि तो तिथे लोकांना सुया टोचत बसला. भिंगाला तीन दिवस चौकीच्या बाकावर बसवून ठेवलं. शेवटी साहेब म्हणाले, "या वेळी सोडतोय. पुन्हा तुमच्या हातची खोटी पाटी सापडली तर दुकानाला कुलूप." दुकान म्हणजे दोघा भावंडांचं पोट. तेव्हापासून ते कुलूप भिंगाच्या डोळ्यांसमोरून हललं नव्हतं.

आणि अशात तो टोपीवाला आला.

चाळिशीचा, किडकिडीत, टोपी कपाळावर ओढलेली. आत येण्याआधी त्यानं मागे वळून रस्ता पाहिला. भिंगानं ते टिपलं. माणसानं फोन पुढे केला. फोटो कुणाच्या तरी वाढदिवसाचा. पाच-सहा जण दाटीवाटीनं उभे, आणि त्यांच्या मागे दारावर, एका बाईच्या खांद्याआड अर्धवट लपलेली, टपाल तिकिटाएवढी लाकडी पाटी.

"ही पाटी हवी. अशीच."

ताईनं फोटो कॉम्प्युटरवर घेऊन मोठा केला. पाटीचे नुसते चौकोन चौकोन झाले. "अहो, ही पाटी आहे की चटई?" ती हसली. "यापेक्षा स्वच्छ फोटो नाही का?"

"हाच आहे. तोसुद्धा कुणी कुणाला पाठवलेला माझ्याकडे आलाय."

"मग मूळ पाटीच आणा ना," भिंग म्हणाला. "दहा मिनिटांत माप घेतो."

टोपीवाल्यानं टोपी आणखी पुढे ओढली. मग म्हणाला, "ती... नाही आणता येणार."

झालं! भिंगाच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं वही ओढली. पाटीवर काय लिहिलंय? ‘निवांत’. घराचं नाव. लाकडात खोदलेली अक्षरं. (नाव निवांत आणि आणणारा असा घायकुतीला आलेला!) घर कुठे? माणूस म्हणाला, त्याची गरज नाही. फिटिंगला कधी यायचं? आमचं आम्ही करू. फॉन्ट कुठला? माहीत नाही, पण दुसरा चालणार नाही.

"आणि एक," तो आवाज खाली आणून म्हणाला, "नवी वाटायला नको. कडा झिजलेल्या पाहिजेत. वर्षानुवर्षं हात फिरल्यासारख्या."

"कशासाठी?" भिंगानं सरळच विचारलं.

"तशीच हवी आहे." बास. माणूस ताकास तूर लागू देईना.

ताई मात्र खुशीत कामाला लागली. तिच्याकडे शेकडो फॉन्ट होते. एकेक काढून त्या चौकोनांशेजारी ठेवून बघत राहिली. कशाचा ‘न’ जमायचा तर ‘व’ पोटातून ढेरपोट्या निघायचा. दुपारपर्यंत ती वैतागली. भिंग मागे येऊन उभा राहिला, त्यानं पडद्याला भिंग लावलं.

"ताई, शोधू नकोस. हा फॉन्टच नाही. ‘न’ची उभी रेघ बघ आणि ‘त’ची बघ. एक जाड, एक बारीक. कुठल्या फॉन्टमध्ये असं असतं? ही कुणीतरी हातानं खोदलीय."

"अगं बाई, खरंच की! मग मी रेघ रेघ गिरवूनच काढते." तिनं जवळ जाऊन पाहिलं. "‘त’च्या पोटात हा काळा ठिपका आहे बघ. हा ठेवायचा का?"

"घाण आहे ती फोटोतली. पुसून टाक."

तिनं पुसला. पुढे सगळं रामायण झालं ते त्या ठिपक्यापायी, पण तेव्हा कुणाला ठाऊक!

चार दिवसांनी टोपीवाला नमुना पाहायला आला. कागदावरच्या अक्षरांकडे टक लावून बघत होता तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो दाराबाहेर गेला. भिंग लगबगीनं दाराशी जाऊन काच पुसायला लागला, जी त्यानं गेल्या कित्येक महिन्यांत पुसली नव्हती.

"नाही, नाही, त्यांना कळणार नाही," टोपीवाला फोनवर सांगत होता. "अगदी हुबेहूब होतेय. पॉलिशला दिलीय असंच म्हण. मी लावून टाकतो, मग काही प्रश्न नाही."

भिंगानं फडकं टाकलं. तो आत आला आणि ताईच्या कानाशी म्हणाला, "ऐकलंस? कुणाचं तरी घर लाटतोय हा. खोटी जुनी पाटी लावणार आणि म्हणणार, घर पूर्वीपासून आमचंच."

"अरे, पाटी लावून घर मिळत असतं तर आपण दोघं भाड्यानं कशाला राहिलो असतो?"

"तुला थट्टा सुचतेय. चौकीत मी बसलो होतो."

"मग सांग त्याला, काम नाही करत म्हणून."

तेही भिंगाला जमेना. सागाची फळी कापून झाली होती आणि, खरं सांगायचं तर, त्या अक्षरांनी त्याला भूल घातली होती. कुणा अनोळखी हाताची ती जाडबारीक वळणं लाकडात उतरवताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला आपणच शिकाऊ आहोत असं वाटत होतं. काम सोडवत नव्हतं आणि माणूस पटत नव्हता. मग त्यानं मधला मार्ग काढला. ‘न’च्या उभ्या रेघेत, अगदी तळाशी, पटाशीच्या टोकानं तिरपी बारीक खाच पाडली. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. उद्या प्रकरण चौकीत गेलंच तर सांगता येईल: साहेब, ही बघा माझी खूण, पाटी नवी आहे, मी कुणाला फसवलेलं नाही. ताईलाही त्यानं हे सांगितलं नाही. कडा घासल्या, पॉलिश चढवलं, उतरवलं. पाटी चाळीस वर्षांची दिसायला लागली. टोपीवाल्यानं ती छातीशी धरून नेली, आणि जाताना त्याचे डोळे भरले होते. भिंग म्हणाला, "नाटकी आहे."

तीन दिवसांनी सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली. टोपीवाला उतरला, आज टोपी नव्हती. त्याच्या खांद्यावर हात ठेवून एक म्हातारे गृहस्थ उतरले. ताठ, उंच, हातात पांढरी काठी. डोळे उघडे होते पण कुठेच पाहत नव्हते.

"हे आमचे अण्णा," टोपीवाला मान खाली घालून म्हणाला. "वडील. ‘निवांत’ यांनीच खोदली होती. जन्मभर सुतारकाम केलंय."

ताईनं झटकन खुर्ची पुढे केली. 

हळूहळू सगळं बाहेर आलं. जुनं घर पडायला आलं म्हणून महिन्यापूर्वी ते एका इमारतीत राहायला गेले होते. सामान हलवताना जुन्या दारासकट पाटी भंगारात गेली, मुलाच्याच हातून. वडिलांना सांगायची छाती झाली नाही. नव्या इमारतीत मजल्यावर तीन दारं, तिन्ही सारखी. अण्णा रोज सकाळी एकटे खाली जाऊन उन्हात बसायचे आणि वर येताना सून कामावर जाण्याआधी हात धरून आणायची, ते त्यांना मुळीच आवडायचं नाही. "माझी पाटी लावा दारावर, मी माझा येतो," एवढाच त्यांचा हट्ट होता.

"परवा लावली हो," मुलगा म्हणाला. "हे एकटे वर आले. पाटी चाचपली आणि पुढे गेले. आम्ही दोघं कामावर. दुपारी बायको आली तर हे जिन्यात बसलेले. चार तास."

"अहो, पण कुणाची तरी बेल वाजवायची!" ताईला राहवलं नाही.

"परक्या दाराची?" अण्णा म्हणाले. "मला वाटलं, या इमारतीत आणखी एक ‘निवांत’ आहे. म्हटलं, बरं आहे, चांगलं नाव आहे. आपलं दार सापडेल कधीतरी."



अण्णांनी पिशवीतून पाटी काढून मांडीवर घेतली. बोट ‘त’च्या पोटात फिरवलं. "इथे माझी खाच होती. खोदत होतो तेव्हा हा रांगत आला आणि कोपरावर धडकला. पटाशी घुसली. बायको म्हणाली, फळी बदला. मी म्हटलं, राहू दे, पोरानं सही केलीय." मुलानं चमकून वर पाहिलं, त्याला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. "तर माझी खाच नाही. आणि ही," बोट सरकत ‘न’च्या तळाशी येऊन थांबलं, "ही कुणाची?"

"पटाशी निसटली असेल," भिंग म्हणाला.

"निसटलेली पटाशी रेघ ओढत पळते. ही आत गेली आणि थांबली. हात चांगला आहे तुमचा, चूक होणारा नाही. मुद्दाम केलीत. का?"

ताईनं भावाकडे असं पाहिलं की त्याची मान आपोआप खाली गेली. त्यानं सगळं सांगितलं. दवाखाना, चौकी, कुलूप, काच पुसताना ऐकलेलं बोलणं, सगळं.

"म्हणजे मी चोर वाटलो तुम्हाला?" मुलानं विचारलं.

"हो," भिंग म्हणाला. "चुकलंच माझं. लाज वाटतेय."

अण्णा एकदम हसले. "तुम्ही याला चोर समजलात, आणि यानं मला अगदीच आंधळा समजलं. चला, नवी फळी काढा."

दोन दिवस अण्णा बाकड्याशेजारी येऊन बसले. भिंग खोदायचा, अण्णा बोट फिरवायचे. "इथे आणखी खोल. हं. इथे हलकं, इथे माझा हात दमला होता." आत्तापर्यंत भिंगानं कुणाला आपल्या पटाशीजवळ फिरकू दिलं नव्हतं. शेवटी फक्त ‘त’ची खाच राहिली.

"ती मी पाडणार," अण्णा म्हणाले. "पटाशी द्या."

"अण्णा, थांबा, फळी शिकंज्यात आवळतो."

"नको. तुम्ही दोन्ही हातांनी धरा, बोटं ‘त’च्या दोन्ही बाजूंना. म्हणजे कुठे मारायचं ते मला कळेल."

"अरे, बोटं जातील तुझी!" ताई ओरडली. मुलगाही पुढे आला. "अण्णा, राहू द्या ना, ते पाडतील."

भिंगानं फळी धरली. अण्णांनी डाव्या हातानं त्याची बोटं चाचपली, त्यांच्या मधोमध पटाशीचं टोक टेकवलं आणि लाकडी हातोडा उचलला. पटाशीला भिंगानं स्वतःच सकाळी धार लावली होती. ती किती लागते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी त्यानं हात काढले नाहीत. उलट, प्रत्येक गोष्ट दोनदा बघणाऱ्या त्या माणसानं डोळे मिटून घेतले.

"मारा अण्णा."

एकच ठोका पडला. अण्णांनी भुसा फुंकला, बोट ‘त’च्या पोटात घातलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"हं," ते मुलाला म्हणाले. "चल आता घरी. पुढे मी चालतो."