तहकबूल

ठमाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, पण सहीला होतं. ताठ, जाड, कागदात रुतलेली सही. साक्षरतेचे वर्ग मोरदऱ्यात आले तेव्हा बाकीच्या बायकांनी चार दिवस पाट्या धरल्या आणि पाचव्या दिवशी त्याच पाट्यांवर लसूण निवडला. ठमाबाई मात्र तीन महिने रोज दुपारी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसली आणि 'ठमाबाई गोटीराम पाळदे' एवढं लिहायला शिकूनच उठली. पुढचं शिकायची तिला गरज वाटली नाही. "आपलं नाव आलं, बास. दुसऱ्याची नावं त्यांची त्यांनी लिहावी."

मोरदरे देवळाली कॅम्पपासून एसटीनं अर्ध्या तासावर. गावात घरटी झेंडू नाहीतर शेवंती. बायका उजाडता फुलं तोडायच्या, बसथांब्याजवळच्या मोकळ्या जागेत पाट्या मांडून निवडायच्या, तिथंच हार ओवायच्या आणि आठच्या गाडीनं कॅम्पात विकायला न्यायच्या. त्या जागेला ना झाड ना आडोसा. उन्हात फूल मान टाकी, पावसात काळं पडे. ठमाबाईनं तीस वर्षं तिथं फुलांवर ओलं फडकं आणि आपल्या डोक्यावर कोरडा पदर टाकून काढली होती. तिचं मागणं एकच.

"आम्हाला महाल नको, बहिरू," ती सरपंचाला जिथं गाठेल तिथं सांगायची. "चार खांब आन् वर पत्रा. आमचं सोड, आम्ही करपलेल्याच हाय. फुलांना ऊन लागतं."

बहिरू चाळिशीतला, गोड बोलणारा. लहानपणी ठमाबाईच्या चुलीपुढं बसून भाकरी खाल्लेला. "बघू ना काकू," म्हणायचा. त्याचं 'बघू' ऐकून ऐकून ठमाबाईला वाटायला लागलं होतं की पोराचे डोळे तपासून आणावेत.

ठमाबाईचा नवरा गोटीराम ग्रामपंचायतीत शिपाई होता, बावीस वर्षं. सतरंजी अंथरायची, माठ भरायचा, दवंडी द्यायची. घरात बोलायचं काम ठमाबाईकडं होतं म्हणून देवानं त्याला गावात ओरडायचं काम दिलं असावं. घरी आला की गडी मुका.

त्या साली सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी बहिरूनं त्याला सांगितलं, "तात्या, दवंडी वेशीपाशीच द्या. लोकांना उगं कशाला तरास?" गोटीरामनं वेशीपाशीच दिली. पण ठमाबाईला दवंडी लागत नव्हती. दारोदार फिरून तिनं एकसष्ट बायका गोळा केल्या, हजेरीच्या वहीत सगळ्यांच्या वर आपली सही रुतवली आणि भर सभेत खांब-पत्र्याचं मागणं मांडलं. बहिरू हसत हसत ऐकत होता. गडीमाणसं सात-आठच होती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी बोटानं डोकी मोजली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "गणपूर्ती नाही. सभा तहकूब."

"काय म्हनला ग?" ठमाबाईनं शेजारच्या कुसाबाईला विचारलं. कुसाबाईचा उजवा कान बरा होता आणि ती डावीकडून ऐकत होती.

"तह कबूल म्हनला."

ठमाबाईला ते लगेच पटलं. भांडण मिटतं तेव्हा तह होतो, आणि कबूल म्हणजे कबूल. एवढी वर्षं ती बहिरूशी भांडत होती, आज मिटलं. तिनं पाटीतला कॅम्पातल्या गिऱ्हाइकाचा टपोऱ्या झेंडूचा हार उचलला आणि बहिरूच्या गळ्यात घातला. बायकांनी टाळ्या पिटल्या. बहिरू क्षणभर गांगरला. काय झालंय ते त्याच्या ध्यानात आलं, अन् तरी त्यानं हार काढला नाही. बायका हसत-खिदळत घरी गेल्या. ठमाबाईनं आळीत गूळ वाटला.

दाराशी माठाजवळ उभ्या गोटीरामनं हे सगळं पाहिलं. आणि अर्ध्या तासानं पुन्हा भरलेली सभाही पाहिली.

तीन आठवड्यांनी बसथांब्याजवळ फक्कीच्या रेघा पडल्या आणि खड्डे खणायला लागले. ठमाबाई पाटी घेऊन ऐटीत तिथं गेली. "शेडला एवढे खड्डे कशाला रे बाबा?"

गवंडी म्हणाला, "शेड कसली आजी? पाच गाळे हायेत. ग्रामसभेचा ठराव झालाय."

थांब्यावरची पोरं फिस्सकन हसली. हाराची गोष्ट तोवर गावभर झाली होती. "तहकबूल काकू आल्या!" एकजण म्हणाला. ठमाबाईनं त्याच्या सात पिढ्यांची तिथल्या तिथं विचारपूस केली, पण त्या दिवशी ती आठच्या गाडीनं गेली नाही. तशीच घरी आली. गोटीराम भाकरी मोडत होता.

"ओ, तहकूब म्हंजे काय?"

गोटीरामचा घास हातातच राहिला. "थांबवली. सभा थांबवली."

"कबूल नाय?"

"नाय."

"तुम्हाला ठावं होतं?"

"व्हय."

"मंग तवाच बोलला का नाय? दातखीळ बसली होती?"

गोटीराम ताटाकडं बघत म्हणाला, "तू हार घालत होतीस. तुझं त्वांड येवढं हसरं मी आपल्या लग्नातबी पाह्यलं नव्हतं. म्हनलं, राहू दे आजच्या दिस. मंग दुसऱ्या दिशी धीर झाला नाय. तिसऱ्या दिशी तर आजिबातच नाय."

ठमाबाईला या माणसाच्या डोक्यात काठवट घालावी की त्याच्या ताटात तुपाची धार सोडावी, हे कळेना. तिनं दोन्ही केलं नाही. ती समोर बसली. "आता सांगा सगळं. बावीस वर्सं दाराशी काय नुसते डासच मारले?"

डास मारले नव्हते. सभेचं एकूण एक कलम गोटीरामला पाठ होतं, फक्त कुणी कधी विचारलं नव्हतं. तो सांगत गेला. पहिल्या सभेला शंभर डोकी लागतात. नाही भरली तर तहकूब. पण तहकूब म्हणजे थांबवली, मोडली नाही. आपल्याकडं अर्ध्या तासानं तीच सभा पुन्हा भरते आणि तिला डोकी मोजत नाहीत. त्या दिवशी बायका गेल्या, बहिरूची माणसं चहा पिऊन परत आली आणि नऊजणांनी गाळे मंजूर केले.

"आन् आम्ही बसून राह्यलो असतो तर?"

"तर तुम्ही एकसष्ट, ते नऊ."

"म्हंजी उठलो हेच चुकलं."

"आनखी एक हाय," गोटीराम चाचरत म्हणाला. "वहीत वर तुमच्या सह्या-अंगठे हायेत. त्यांच्याखाली ठराव लिवलाय. सर्वानुमते."

ठमाबाई यावर काहीच बोलली नाही. गोटीराम घाबरला. ती बोलते तेव्हा काय करायचं ते त्याला माहीत होतं. मान खाली घालायची. ती गप्प बसल्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मग ती म्हणाली, "पत्रा गेला चुलीत. माझी सही मला परत पायजे."

गाळ्यांचं काम मंजुरीच्या कागदांसाठी अडलं होतं. एक मेची ग्रामसभा आली ती भर लगीनसराईत. गडीमाणसं जेवणावळींत गुंतलेली. बहिरूनं विचारलं, "तात्या, दवंडी..." "वेशीपाशीच," गोटीराम म्हणाला. घरून तसाच हुकूम होता. या खेपेला शंभर डोकी ठमाबाईलाही नको होती.

अठ्ठावन्न बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात फुलांची पाटी, सुई आणि दोरा. भाऊसाहेबांनी बोटानं डोकी मोजली, घड्याळ पाहिलं. "गणपूर्ती नाही. सभा तहकूब."

बहिरू उठला. "चला काकू, पुढच्या बारीला बघू."

ठमाबाईनं दोरा ओला करून सुईत घातला. "तू ये जाऊन. आम्ही बसतो. तहकूबच झालीया, मोडली नाय."

बहिरूनं भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेब एकदम वहीत काहीतरी शोधायला लागले. बायका सतरंजीवर फतकल मारून हार ओवत बसल्या. पंचायतीच्या खोलीत झेंडूचा उग्र वास भरला. गोटीराम एकेकीला पाणी देत फिरला आणि ठमाबाईला दोनदा देऊन गेला. अर्ध्या तासानं बहिरूची पाच माणसं ढेकर देत आली आणि दारातच थबकली. बसायला जागा नव्हती.

भाऊसाहेबांना सुरू करणं भाग होतं. "विषय एक. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे." पाण्यात बुडणारा माणूस श्वास घेतो तसे ते भराभरा वाचत गेले. गाळे, बांधकाम, सर्वानुमते मंजूर. "कायम?"

आता, बावीस वर्षांचा रिवाज असा, की कुणाचंच लक्ष नसायचं म्हणून दाराशी उभा गोटीरामच मोठ्यानं "कायम!" म्हणायचा आणि भाऊसाहेब पान उलटायचे. आजही सगळ्यांचे डोळे सवयीनं दाराकडं गेले. बहिरूही त्याच्याकडं बघत होता. गोटीरामनं माठातून पेला भरला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत, पाणी प्यायला. गावात ओरडायचा पगार घेणारा तो माणूस जन्मात पहिल्यांदा गावासमोर गप्प राहिला.

"नाय कायम," ती म्हणाली. "सर्वानुमते म्हंजे कोनाच्या मते? वर माझी सही हाय. मी तर तवा आळीत गूळ वाटत होते."

"काकू," बहिरू कसनुसा हसला, "हार तर तुम्हीच घातला की."

"शेडला घातला होता. तू मधी उभा होतास."

हसण्याची अशी लाट उठली की भाऊसाहेबांचाही चष्मा घसरला. बहिरूनं शेवटचा खुंटा धरला. "पण खड्डे खणून झाल्यात ना."

"बरंच झालं. खांब उभे करायला लागतीलच."

हात वर करायला सांगितलं तेव्हा बोटांत सुया धरलेले अठ्ठावन्न हात वर गेले. त्यात बहिरूच्या आईचा, तानुबाईचाही होता.

"आई, तूबी?"

"मंग? तुझ्या गाळ्यात बसून हार ओवू? भाडं मागशील मेल्या."

बहिरूनं कपाळाला हात लावला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. "लिवा भाऊसाहेब. जुना रद्द. निवाऱ्याला मंजुरी."

भाऊसाहेबांनी लिहिलं आणि वही ठमाबाईपुढं सरकवली. तिनं पेन उचललं नाही. "वाचा ओ," ती दाराकडं बघून म्हणाली. गोटीराम पुढं आला. वाचायची त्याला एकच रीत ठाऊक होती. "ऐका हो ऐकाऽऽ!" करून त्यानं अख्खा ठराव असा ठणकावला की बाहेर थांब्यावरची पोरं पळत आली. मग कुठं ठमाबाईनं, ठरावाच्या वर नव्हे, खाली, एकेक अक्षर कोरत सही केली. एवढा वेळ लागला की कुसाबाईचा एक हार ओवून झाला. कुणी घाई केली नाही.

उन्हातून घरी जाताना गोटीराम नेहमीसारखा चार पावलं मागं होता. ठमाबाई थांबली, तो जवळ येईस्तोवर थांबली, आणि पाटीतला हार त्याच्या गळ्यात टाकून, कुणी बघत नाही ना हे बघून, झपाझप पुढं निघाली.

"आज चहा तुम्ही करायचा," ती मागं न बघता म्हणाली. "आन् उद्यापास्नं मनात काय आलं की त्याच दिशी सांगायचं. आलं का ध्यानात?"

मागून दवंडीच्या आवाजात उत्तर आलं, "तहकबूल!"