दाजींचा जड पाय

माझे दाजी गाडी अनवाणी चालवत. चपला सीटखाली सारायच्या आणि पेडल अंगठ्यानं असं दाबायचं, जणू खाली कुणाचं तान्हं मूल निजलंय. चौदा वर्षं हेच. एसी बंद, काचा वर. उघड्या काचांतून वारा शिरला की गाडी मागे ओढली जाते, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. शेजारी माझी अक्का रुमालानं वारा घेत बसायची. एका उन्हाळ्यात तिला गाडीतच घेरी आली. शुद्धीवर आल्यावर दाजी तिला म्हणाले, "माझा पाय हलका असता, तर लावला असता गं एसी."

कंपनीच्या छापील कागदावर लिटरला बावीस किलोमीटर लिहिलेले होते. दाजींना पंधराच्या वर कधी मिळाले नाहीत. घरात त्यावरून चेष्टा चालायची. भाची त्यांच्या पायाला 'दीडमणी' म्हणायची. मीही हसायचो.

तो बावीसचा आकडा मी काढला होता.

मी त्या कंपनीत चाचणीचा ड्रायव्हर होतो. बंद खोलीत जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर गाडी चढवायची आणि समोरच्या पडद्यावर जी रेघ सरकते, तिच्याबरोबर वेग धरून चालवायची. त्याआधी मोकळ्या धावपट्टीवर गाडी किती सहज घरंगळते ते मोजायचं; त्यावरून रुळांचा भार ठरायचा. माझा पाय हलका म्हणून मला निवडलेलं. पण नुसत्या पायानं बावीस येत नव्हते. मग आम्ही दारांच्या फटींवर चिकटपट्टी लावली, मागची सीट आणि स्टेपनी उतरवली, टायर दगडासारखे फुगवले. चाचणीच्या कागदावर खाली माझी सही. गाडी गिऱ्हाइकाला मिळते तशीच आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. मला तेव्हा सहीपुरतीच अक्षरं येत होती, वाचायला मी फार उशिरा शिकलो, हे खरं आहे. पण चिकटपट्टी मीच लावली होती. त्याला वाचता यावं लागत नाही.

आणि दाजींनी ती गाडी घेतली ती माझ्यामुळे. "घरचा माणूस आकडा काढतो म्हणजे आकडा पक्का," असं ते दुकानदारालाच ऐकवून आले होते. तेव्हा नोकरीच्या भीतीनं मी गप्प राहिलो. नंतर नोकरी संपली, भीतीही संपली, पण तोवर गप्प राहायची सवय लागली होती.

दर रविवारी मी अक्काकडे जेवायला जायचो. त्या रविवारी चहा घेताना भाचीनं विषय काढला.

"मामा, नवा नियम येतोय. यापुढे चाचणी खऱ्या रस्त्यावर. धूरसुद्धा तिथंच मोजणार."

"रस्ता काय करणार?" दाजी म्हणाले. "दोष चालवणाऱ्याच्या पायात असतो."

"बाबा, जितकं पेट्रोल जास्त तितका धूर जास्त. आकडा खोटा असेल तर धूरही कागदावरच कमी."

"कंपनी कशाला खोटं बोलेल? हा बसलाय ना समोर, विचार याला."

दोघं माझ्याकडे बघू लागले. मी चहा ढवळत राहिलो. साखर केव्हाच विरघळली होती.

"बरं ते जाऊ द्या," भाची म्हणाली. "पुढच्या आठवड्यात ही गाडी मोडीत देऊ आणि विजेची घेऊ."

"घे की. पण मी नाही हो चालवणार. माझ्या पायाखाली तुझी बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकेल." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मेहुण्या, गाडी जायच्या आधी एकदाच बावीस दिसू दे रे. तू शेजारी बस. माझं काय चुकतं ते सांग."

गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर आम्ही गाडीतल्या पडद्यावरचा लिटरमागच्या सरासरीचा आकडा शून्यावर आणला आणि निघालो. दाजी चालवत होते, मी त्यांचा पाय बघत होतो. आयुष्यभर मी ड्रायव्हरांचे पाय बघितले आहेत. इतका हलका पाय माझाही नव्हता. अडथळे लांबून हेरायचे, ब्रेकला शिवायचेच नाहीत. पुलाजवळ पोचलो तेव्हा आकडा होता पंधरा पूर्णांक चार.

"बघ. कुठं चुकलो?"

"दाजी, गाडी बाजूला घ्या."

मी सगळं सांगितलं. काही राखलं नाही. ते ऐकून घेऊन हसले आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"माझं मन राखायला स्वतःवर घेतोस होय? अक्का म्हणतेच, लहानपणी दुसऱ्यांचा मार तूच खायचास."

मी बोललो होतो आणि त्यांनी मानलं नव्हतं. यापेक्षा स्वस्तात कोण सुटतो? क्षणभर मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. मग त्यांनी गाडी सुरू केली आणि स्वतःशीच पुटपुटले, "अंगठा आणखी वर धरायला हवा."

"उतरा," मी म्हणालो. "मी चालवतो."

आकडा पुन्हा शून्यावर घेतला. परतीला थोडा उतार होता. जे जे शिकलो होतो ते सगळं मी पणाला लावलं. घराखाली पोचलो तेव्हा पंधरा पूर्णांक एक. उतार माझ्या बाजूला असून दाजी माझ्या पुढे होते.

दाजींनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"चिकटपट्टी कुठल्या रंगाची होती?"

"पांढरी."

"आणि सीट खरंच काढलेली?"

"हो. स्टेपनीसुद्धा."

"मग ती गाडी तरी होती का रे?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तिला घेरी आली होती. मी तिला सांगितलं, माझ्या पायामुळे. आता तू वर जा आणि तिला सांग. माझ्याच्यानं नाही होणार."

अक्का भाजी निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. तिनं निवडलेली भाजी एकीकडे सारली आणि विचारलं, "आमच्याकडे जेवायला यायचास तेव्हा हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"दर रविवारी?"

"दर रविवारी, अक्का."

"आणि ते समोर बसून स्वतःला नावं ठेवायचे, तेव्हा तू हसायचास."

ती उठून खिडकीशी गेली आणि खाली गाडीकडे बघितलं.

"त्यांना वर बोलाव," ती म्हणाली. "एकटे बसलेत खाली. आणि तू पुढचे काही रविवार येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये."

"किती रविवार?" असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. दाजींना हाक मारायला मी जिना उतरलो.