क्रूमेलच्या जेवणाला सोबत

श्रीधररावांच्या घराण्यात आजवर कुणी साप पाळला नव्हता. तो पाळला त्यांच्या बारा वर्षांच्या नातीनं, तोही जर्मनीत, एर्लांगेनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. ईप्सितानं वर्षभर आईबापांच्या मागे भुणभुण लावली, सापांवरची तीन पुस्तकं पाठ केली आणि अखेर लिंडनर नावाच्या बाईंकडून कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलं. बिनविषारी, पेन्सिलीएवढं जाड, नारिंगी रंगाचं. नाव ठेवलं क्रूमेल, म्हणजे पावाचा चुरा.

हा चुरा काही केल्या जेवेना. लिंडनरबाईंनी रीत नीट सांगितली होती. फ्रीजरमधलं उंदराचं इवलंसं पिल्लू कोमट पाण्यात ठेवून मऊ करायचं, भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात ते आणि साप ठेवायचा, वर फडकं टाकायचं आणि दुपारपर्यंत तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. ईप्सिता शाळेला जाण्यापूर्वी हे सगळं मन लावून करी. फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी उंदीर ठेवायला तिच्या आईनं, कौमुदीनं, डोळे मिटून परवानगी दिली होती. पाच दिवसांच्या अंतरानं दोनदा प्रयोग झाला आणि दोन्ही वेळा दुपारी उंदीर जागच्या जागी होता. आता शनिवारी शेवटची संधी होती. तेव्हाही नाही खाल्लं तर पिल्लू परत आणून द्या, असं लिंडनरबाईंनी कळवलं. ईप्सिताच्या तोंडचं पाणी पळालं.

तिनं बाईंना फोन लावला तेव्हा श्रीधरराव समोरच बसले होते. डब्याच्या आसपास कुणी जातं का, असं बाईंनी विचारलं.

"नाइन," ईप्सितानं नाही म्हणून सांगितलं. ओपा, म्हणजे आजोबा, घरी असतात, पण मी त्यांना सांगून ठेवलंय, ते खोलीत जात नाहीत, असंही तिनं जर्मनमध्ये ठासून सांगितलं. एवढं जर्मन आता श्रीधररावांनाही कळत होतं, आणि नेमकं तेच कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

कारण ते जात होते. साखर कारखान्यात तीस वर्षं केमिस्ट म्हणून काढलेला हा माणूस कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी मुलाकडे आला होता. मुलगा हृषिकेश आणि कौमुदी कामावर, नात शाळेत. ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट आणि ते, अशी रोजची दुपार. त्यांच्या घरात जेवणाऱ्याला एकटं सोडायची पद्धत नव्हती. पाहुणा असो, नाहीतर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो, त्याचं पान संपेपर्यंत कुणीतरी समोर बसायचंच. श्रीधररावांच्या समोर चाळीस वर्षं त्यांच्या पत्नी संध्याबाई बसल्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि यांचं जेवण चहा-बिस्किटांवर आलं.

मग या घरात आणखी एक जीव एकटाच जेवायला बसवलेला त्यांना दिसला. त्या दोन्ही दिवशी सगळे बाहेर पडले की ते डब्याशेजारी खुर्ची ओढत, फडक्याचा कोपरा वर करत आणि म्हणत, घे बाळा, लाजू नकोस. बाराला आपलं ताटही तिथेच आणत. सापाच्या सोबतीनं त्यांना दोन घास जास्त जात होते. साप मात्र उपाशीच राहत होता.

फोन ठेवल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. शरमेनं त्यांचे कान तापले होते. ईप्सिता त्यांच्याकडे बघतच राहिली.

"वारूम?" तिनं विचारलं. "का, आजोबा?"

"एकट्यानं जेवण जात नाही गं. मला वाटलं, त्यालाही जात नसेल."

ती उठून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पुढचे तीन दिवस ती कामापुरतं बोलली, तेही जर्मनमध्ये. पोरीचं प्रेमाचं जनावर आपल्या पायी जाणार, या विचारानं श्रीधररावांना बिस्किटंही गोड लागेनात.

शनिवारी सकाळी तिनं डबा भरला, फडकं टाकलं आणि त्यांचा कोट आणून त्यांच्या हातात दिला. हृषिकेश आणि कौमुदी बाजारात गेले होते. नदीकाठच्या बाकावर आजोबा आणि नात तीन तास बसले. ईप्सितानं सोबत आणलेलं सँडविच खाल्लं. श्रीधररावांना नको होतं. दोनदा ते घरी जायला उठले, दोन्ही वेळा तिनं बाही धरून खाली बसवलं.

बऱ्याच वेळानं ती मराठीत म्हणाली, "आजी काय करायची, समोर बसून?"

"विशेष काही नाही. पोळी वाढायची. दिवसभरात काय झालं ते सांगायची."

मग तिनं घड्याळ पाहिलं. दोघं घरी आले. ईप्सितानं फडकं उचललं आणि तोंडावर हात दाबला. डब्यात उंदीर नव्हता. क्रूमेल वेटोळं करून पडला होता आणि त्याच्या पोटाशी बोराएवढा फुगवटा होता. श्रीधररावांनी भिंतीला हात टेकला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी खटपटही केली नाही. आता दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, असं तिनं कुजबुजत बजावलं आणि दोघं पावलं न वाजवता बाहेर आले.

ओट्यावर ताट झाकलेलं होतं. श्रीधरराव ते घेऊन टेबलाशी आले तेव्हा ईप्सिता समोरची खुर्ची ओढत होती. तिचं तर नदीवरच खाऊन झालं होतं.

"तू जेव, आजोबा," ती म्हणाली. "मी बसते."

तिनं त्यांच्या पानात पोळी वाढली आणि शाळेतलं काहीतरी सांगू लागली. निम्मं जर्मन होतं, त्यांना धड कळलंही नाही. त्या दिवशी श्रीधररावांनी तिसरी पोळी मागून घेतली.