कोपऱ्यातली अक्षरं

वडिलांचं, आप्पांचं, तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी ऋतिका कामावर हजर झाली. शिरूरजवळच्या त्या कंपनीत मोबाइलच्या कॅमेऱ्यांची भिंगं बनत, आणि गेली तीन वर्षं ती एकाच लेन्सच्या मागं लागली होती. साडेचार मिलिमीटर उंची, म्हणजे तुरीच्या दाण्याहून कमी, आणि तेवढ्यात प्लास्टिकची सहा भिंगं एकावर एक. फोन जेवढा पातळ, तेवढी त्याची लेन्स बुटकी हवी. कागदावर तिचं डिझाइन चोख होतं. बनून आलेल्या नमुन्यात मात्र फोटोचा मधला भाग लख्ख यायचा आणि एक कोपरा तेलाचं बोट फिरवल्यासारखा.

बुधवारी फोन बनवणाऱ्या कंपनीची माणसं नमुने बघायला येणार होती.

"तोवर कोपरा सुधारला तर ठीक," रविराज सर म्हणाले. विभाग त्यांच्याकडं होता. "नाहीतर आपलं दुसरं डिझाइन देऊन टाकू. पाऊण मिलिमीटरनं जाड आहे, पण पाऊण मिलिमीटरनं कुणी मरत नाही."

बोलून गेल्यावर ते ओशाळले आणि उगाच चष्मा पुसू लागले.

"फोनच्या पाठीवर टेंगूळ येतं, सर," ऋतिका म्हणाली. "ते नको म्हणून तर तीन वर्षं घालवली."

रविवारी ती केडगावावरून यवतला गेली. आप्पांच्या, म्हणजे जालिंदर मिस्त्रींच्या पंप दुरुस्तीच्या दुकानाची किल्ली तिच्याकडं होती, आणि वडगाव रासाईच्या रखमाजींचा बोअरचा पंप तीन आठवडे आत सुटा पडला होता. गोकुळकाका शटरपाशी तिची वाट बघत उभे होते. पंचवीस वर्षं ते आप्पांच्या शेजारी त्याच बाकावर बसले होते.

"आलीस? रखमाजीनं दिवसातनं चारदा फोन लावलाय. त्याचा ऊस वाळंल का न्हाई ठाऊक न्हाई, पर माझा कान नक्की वाळणार."

ती हसली. खिशात चाचणीचा फोन होता, त्याच नापास लेन्सचा. सवयीनं तिनं एक फोटो काढला. मधोमध काकांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. वरच्या उजव्या कोपऱ्यात आप्पांनी भिंतीवर रंगानं लिहिलेली बारीक ओळ होती, तिचा नुसता पिवळा डाग झाला होता. तिनं फोन परत खिशात टाकला.

काका पंप जुळवायला बसले. बोअर अरुंद, म्हणून पंपही उभट नळीसारखा. आत सहा चाकं एकावर एक, सहा पैलूंच्या दांड्यावर ओवलेली. ओतलेलं चाक सगळीकडं सारखं कधीच नसतं, एक बाजू कणभर जड राहतेच. काकांनी पहिलं चाक गजावर अडकवून फिरवलं. ते डुलत थांबलं, आणि जड बाजू खाली आली.

"लाव ठिपका. तुझंच काम व्हतं ना हे?"

तिसरीत असल्यापासून तिचंच होतं. पिवळ्या रंगाची डबी अजून त्याच खणात होती. तिनं सहा चाकांना सहा ठिपके लावले आणि हात पुसता पुसता चाकं बाकावर मांडली. सगळे ठिपके एका रांगेत, नीटनेटके.

काका तिच्याकडं बघत राहिले. "एवढी शिकलीस आन् हे इसरलीस? सगळी जडं एका अंगाला आली तर पंप थयथय नाचंल. आप्पा काय म्हनायचा? ह्यातली दोन लई खोडकर असत्यात. त्यांचे ठिपके आधी समोरासमोरच्या अंगांना कर. बाकीची मग थोडी थोडी फिरव, गप बसत्यात."

ऋतिकाचा हात ठिपक्यावरच राहिला.

भिंगाचं प्लास्टिक साच्यात एका तोंडातून शिरतं. थंड झाल्यावर ते तोंड कापतात, आणि गोल भिंगाला तिथं एक सपाट काप राहतो. त्या बाजूला भिंग केसाच्या पन्नासाव्या भागानं जास्त जाड होतं. हे तिला पाठ होतं. सहाही भिंगं बसवताना काप एका रेषेत ठेवावेत, ही सूचनाही तिनंच लेन्सच्या नकाशावर लिहिली होती, तीन वर्षांपूर्वी, तपासायला सोपं जावं म्हणून. जुन्या उंच लेन्सना ते चालून गेलं होतं. इतक्या बुटक्या लेन्सला चालणार नव्हतं. सहा चुका एकाच बाजूला झुकत होत्या आणि ती तीन महिने भिंगांचे आकार बदलत बसली होती.

"काका, मी निघते."

"आगं, चहा टाकलाय."

"पिऊन निघते," ती म्हणाली, आणि उभ्यानंच प्यायली.

सोमवारी दुपारपर्यंत तिनं संगणकावर हिशोब मांडला. खोडकर दोन निघाली तिसरं आणि पाचवं. त्यांचे काप समोरासमोर, बाकीची चार वेगवेगळ्या कोनांत. नवा साचा नको, नवं यंत्र नको. जुळणी विभागातल्या सुलक्षणाताईंनी यंत्रातले सहा आकडे तेवढे बदलले.

"मॅडम, हे गबाळं दिसतंय," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरींना वाटंल, बाई झोपेत हाय."

"दिसू द्या."

मंगळवारी तीस नमुने चाचणीला गेले. कोपऱ्याला चाळीस गुण लागत, आजवर सत्तावीसच्या वर काही सरकलं नव्हतं. पहिल्याला चव्वेचाळीस आले. रविराज सरांनी यंत्र पुन्हा चालवायला लावलं. पुन्हा चव्वेचाळीस. तिसाव्यापर्यंत सुलक्षणाताईंची अख्खी पाळी मागं येऊन उभी राहिली होती. तीसच्या तीस पास.

बुधवारी पाहुण्यांनी नमुने पाहिले, चारही कोपरे पाहिले आणि पातळ फोनसाठी हीच लेन्स पक्की केली. जाडं डिझाइन दाखवायला कुणी काढलंच नाही.

"नकाशावर या मांडणीला नाव लागेल," सर म्हणाले. "काय लिहू?"

"यवत," ऋतिका म्हणाली.

त्यांनी तसंच लिहिलं.

पुढच्या रविवारी ती नव्या लेन्सचा फोन घेऊन दुकानात गेली. रखमाजींचा पंप बसला होता, उसात पाणी पोचलं होतं, आणि काकांच्या कानाला आराम होता. ती मागच्याच जागी उभी राहिली.

"पुन्यांदा माझाच फोटू?"

"तुम्ही फक्त मधे बसा."

तिनं फोटो काढला आणि वरचा उजवा कोपरा बोटांनी मोठा केला. आप्पांचं अक्षर, थोडं उजवीकडं कललेलं, प्रत्येक वेलांटीसकट स्वच्छ:

'घाई असंल त्यानं आधी बसावं.'

तिनं स्टूल ओढलं आणि बसली. काकांनी चहा टाकला.