दारासकट घर

चिमुकल्या खरेदीखताची फाइल पुन्हा परत आली, तेव्हा निएवेसच्या कपाळाची शीर तडतडायला लागली. पहिल्यांदा तेओफिलो छापखानेवाला म्हणाला होता, अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, केले नाहीस, तुझा फॉन्ट माझ्या मशीनवर नाही, मालकाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतायत. ते केलं. मग म्हणे रंग पडद्याचे आहेत, शाईचे कर. तेही केलं. आता म्हणे रेषा केसासारख्या बारीक आहेत, कागदावर उमटणारच नाहीत. सगळं एकदम सांगायला त्या माणसाच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं, कुणास ठाऊक.

भांडून उपयोग नव्हता. जानेवारी लागला की ला पाझमधले सगळे छापखाने चिमुकल्या वस्तूंच्या मागे लागतात: बोटाएवढे पासपोर्ट, पदव्या, नोटांच्या गड्ड्या. चोवीस तारखेच्या जत्रेत भर दुपारी बाराला जे इवलंसं विकत घ्याल आणि धुपावर धराल, ते भरभराटीचा देव एकेकोबाबा वर्षभरात मोठं करून देतो. निएवेसची आई आसुन्ता त्या जत्रेत घरांची खरेदीखतं विकायची आणि दरवर्षी त्यातलं एक स्वतःसाठी घ्यायची. मायलेकी भाड्याच्या एका खोलीत राहत होत्या. निएवेसचा कॉम्प्युटर पलंगावर, आईचा माल पलंगाखाली, आणि स्टोव्ह पेटवायचा तर एकीनं बाहेर जाऊन उभं राहायचं.

गेल्या वर्षी निएवेसनं खतावरचं घर अगदी कडेपर्यंत काढलं आणि ब्लीड, म्हणजे कापणीसाठीची जादा कड, सोडायला विसरली. कटिंगमध्ये घराचं दार अर्धं उडालं. पुढे एका खऱ्या घराचा व्यवहार सहीपर्यंत येऊन फिसकटला, आणि आईनं खापर फाइलवर फोडलं. “दारच नव्हतं, तर आत जाणार कुठून?” हे वाक्य निएवेसला वर्षभर जेवणाबरोबर वाढलं गेलं. तिचा स्वतःचा एकेकोवर काडीचा विश्वास नव्हता. पण आईचा होता, आणि यंदा दार पुरतं यायलाच हवं होतं.

म्हणून तिनं बोट ठेवायला जागा ठेवली नाही. रेषा जाड केल्या, चारी बाजूंनी ब्लीड सोडलं, आणि रागाच्या भरात अख्खं खत स्वतःच छापायच्या मापाला आणून, तळहाताएवढं करून सेव्ह केलं. काढ म्हणावं आता खोट. लहान केल्याचं मात्र तिनं तेओफिलोला कळवलं नाही. त्या माणसाशी आणखी एक शब्द बोलायची तिची इच्छा नव्हती.

चोवीसच्या सकाळी गठ्ठा थेट आईच्या दुकानावर आला. आईनं दोरी सोडली. खतं नखाएवढी होती.

निएवेसनं तिथूनच फोन लावला.

“जानेवारीत माझ्याकडे येणारी प्रत्येक फाइल मोठीच असते, पोरी. मी डोळे मिटून लहान करतो,” तेओफिलो म्हणाला. “तू आधीच केली होतीस, तर सांगायचंस ना.”

“तुम्ही बघायचं होतं, काका.”

“बघितलं की तू चिडतेस.”

तिला फोन आपटावासा वाटला. त्याहून जास्त चीड स्वतःची आली, कारण म्हातारा खोटं बोलत नव्हता. आता पुन्हा छापायला वेळ नव्हता. शेजारच्या दुकानवालीनं वाकून पाहिलं आणि विचारलं, यंदा उंदरांना घरं विकतेस का गं, आसुन्ता?

बारा वाजले. गल्लीभर धुपाचा धूर झाला आणि माणसांची एकच रेटारेटी उडाली. आईनं गठ्ठ्यातलं एक खत उचललं, आपल्याच गल्ल्यात नाणं टाकलं, आणि चष्मा लावून कागद डोळ्यांशी धरला. निएवेस बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिली.

आईनं कागद उजेडाकडे वळवला. चित्र वेक्टरचं, त्यामुळे इतकं बारीक होऊनही कुठं फाटलं नव्हतं, आणि जाड केलेल्या रेषा तग धरून होत्या. भिंत, कौलं, खिडकी, सगळं जागच्या जागी होतं.

“दार आहे,” आई म्हणाली. “पुरतं आहे. कडीसुद्धा दिसतेय.”

तिनं खत धुरावर फिरवलं आणि निएवेसच्या तळहातावर ठेवलं. निएवेसचा राग अजून उतरला नव्हता.

“एवढंसं घर, आई. त्यात आपण दोघी मावणार कशा?”

“आता तरी कुठं मावतोय?” आई म्हणाली.