बेड नंबर नऊ

"ऑपरेटरबाई, आनंदाची बातमी आहे. बेड नऊ उठून बसला. सिस्टरनी आत्ताच सांगितलं, चहा मागतोय म्हणे."

फोन आईच्या कानाला होता, पण धुलाई विभागातल्या मावशींचा आवाज असा, की बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मलाही शब्दन् शब्द ऐकू आला. सोमवारची सकाळ होती. आम्ही त्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर बसलो होतो. मावशी तळमजल्यावर चादरींच्या ढिगाऱ्यात उभ्या राहून बोलत असणार. आम्ही वर आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता.

आई अर्धवट उठली. काचेतून आत बघितलं. बाबा गुरुवारपासून होते तसेच पडून होते, नळी तोंडात, छाती यंत्राच्या तालावर वरखाली. ते उठून बसले नव्हते. ते डोळेसुद्धा उघडत नव्हते.

"बरं झालं, मावशी. कळवते सगळ्यांना," आई सवयीने म्हणाली आणि खाली बसली. मग पिशवीतून तिने तिची निळी वही काढली, पान उघडलं, आणि त्या पानाकडे बघत राहिली. मी वाकून पाहिलं. तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गुरुवार. बेड ९.' बाबांना शुक्रवारी सकाळी अकरा नंबरवर हलवलं होतं. तिथलं यंत्र नवीन होतं, म्हणून. आई स्वतः त्यांची चप्पल आणि टॉवेल उचलून त्या खाटेमागून चालली होती. पण वहीत नऊचे अकरा करायचे राहून गेले होते.

ही वही म्हणजे आमच्या चर्चची प्रार्थनासाखळी. सकाळी सहा ते रात्री दहा, सोळा माणसं, प्रत्येकाला एक तास. बाबा म्हणायचे, रात्री देवालाही झोप हवी, हे बरं केलंत. साखळी सुरू झाली ती या मावशींमुळेच, सोळांतल्या त्याही एक. हॉस्पिटलातल्या आजाऱ्यांची नावं बाहेर सांगायला त्यांना बंदी होती, म्हणून त्या नुसता खाटेचा नंबर सांगायच्या. पुढे आईने त्याचाच नियम केला. नाव नाही, आजार नाही, फक्त नंबर. एरवी प्रार्थनेच्या निमित्ताने कुणाच्या पोटात काय दुखतंय याची गावभर चर्चा होते, हे तिने फार पाहिलं होतं. दुसरा नियम, एका वेळी एकच बेड. तिसरा, मेसेज नाही, प्रत्येकाला फोन. मेसेज वाचला की नाही कळत नाही, आवाज आला की कळतं.

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षं ऑपरेटर होती. आपण एकही चुकीची जोडणी दिली नाही, हे ती जेवताना, भांडताना, पाहुण्यांसमोर, कुठेही सांगायची. घरातली आम्ही माणसं त्यावर डोळे फिरवायचो. बाबा लिफ्टचे मेकॅनिक. "तुझं वर कनेक्शन, माझी वरखाली ये-जा," असं म्हणून ते रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे आणि उपदेश चालू असताना पंख्यांचा आवाज ऐकून कुठला बिघडणार ते ठरवायचे. माझ्या नावाचा कधी डंका पिटू नकोस, असं त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं. म्हणून गुरुवारी ते एका लिफ्टच्या मोटारघरात कोसळले, मेंदूत रक्तस्राव झाला असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाही आईने एकट्या पाळकसाहेबांना खरं सांगितलं. बाकीच्यांना तिने सोळा फोन केले, आणि त्याच कोरड्या आवाजात सोळा वेळा म्हणाली, बेड नऊ.

आणि शुक्रवारी दुपारी रिकाम्या झालेल्या बेड नऊवर एक रंगारी आणून टाकला होता. परांचीवरून पडलेला, बेशुद्ध. त्याला बघायला चार दिवसांत कोणी आलं नव्हतं. सोळा माणसं रोज तासतासभर गुडघे टेकून बसली होती, ती त्याच्यासाठी.

मी आईला म्हणाले, असं काही नसतं. देवाला नंबर लागतात का? मी फारशी भाविक नाही, आणि हे बोलताना मला स्वतःलाच ते पोकळ वाटत होतं. आई वही मिटून मांडीवर धरून बसली.

दुपारी पाळकसाहेब आले. आईने त्यांना वही दाखवली. त्यांनी सांगायला सुरुवात केली, की कृपा ही आपल्या मागण्यावर अवलंबून नसते, ती कमावता येत नाही, ती कुणाकडे जावी हे आपण ठरवत नाही. चांगलं बोलतात ते. आईने सगळं ऐकून घेतलं.

"पाळकसाहेब, हे रविवारी बरं वाटतं," ती म्हणाली. "आज सोमवार आहे. ते आत आहेत. मला एवढंच सांगा, माझ्या चुकीमुळे त्यांच्या वाट्याचं दुसऱ्याला गेलं का?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खरं सांगू? मला माहीत नाही," ते म्हणाले. मग ते आमच्या शेजारी नुसते बसून राहिले. त्या चार दिवसांत आमच्याशी खरं बोललेला तो पहिला माणूस, असं मला वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचा संतापही आला.

ते गेल्यावर मी आईच्या मागे लागले. फोन कर, नऊचे अकरा कर, पाच मिनिटांचं काम आहे. आई म्हणाली, साखळी एका वेळी एकच बेड घेते.

"मग घे ना अकरा. तो तर उठून बसलाय. चहा पितोय."

"उठून बसला म्हणजे बरा झाला असं नाही," आई म्हणाली. "मीच काढू का त्याला?"

"आई, तो आपला कोण लागतो?"

ती उठून काचेपाशी गेली. मीही गेले. बेड नऊवरचा माणूस उशांना टेकून बसला होता. डोक्याला पट्टी, उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात कागदी पेला. वय पन्नाशीच्या आसपास. आपल्याकडे कोणीतरी बघतंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने आधी मागे वळून पाहिलं, मागे भिंत होती. मग त्याने पेला किंचित वर करून आईला दाखवला. आपल्यालाच भेटायला कोणीतरी आलंय असं त्याला वाटलं असणार. आईने हात वर केला आणि तशीच परत येऊन बाकावर बसली.

तासाभराने तिने फोन काढला. सोळा नंबर तिला तोंडपाठ. "बदल आहे," ती प्रत्येकाला सांगत होती. "नऊ नाही, अकरा. हो, आजपासून." कोणी कारण विचारलं नाही, तिच्या साखळीत विचारत नाहीत. सोळावा फोन ठेवून ती मला म्हणाली, "त्याच्या तोंडचा घास काढला मी." मला तिची दया आली नाही. मला हायसं वाटलं. आता तरी सगळं योग्य खाटेकडे जाईल, असं मला, न मानणाऱ्या माणसाला, अगदी मनापासून वाटलं. माणूस बुडायला लागला की काडीचा आधार शोधतो, तशी मी अकराच्या आकड्याला धरून बसले.

मंगळवार गेला. आम्हाला सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडायचे. ऑक्सिजन मोजायला बाबांच्या बोटाला लावलेला चिमटा नीट आकडा दाखवत नव्हता, कारण त्यांच्या नखांत चाळीस वर्षांचं ग्रीस बसलेलं. आईने संसारभर साबण, लिंबू, रॉकेल सगळं करून पाहिलं होतं, ते नख काही उजळलं नव्हतं. सिस्टरने कसल्यातरी औषधाने एकच बोट घासून घासून स्वच्छ केलं होतं. आई ते एक बोट हातात धरून बसायची. प्रार्थना म्हणायची नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, मला आता मागायला तोंड नाही.

बुधवारी दुपारी सव्वातीनला बाबा गेले. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी जे सांगतात ते सांगितलं. आम्ही आत गेलो तेव्हा यंत्र बंद केलेलं होतं, आणि बेड नऊ रिकामा होता. रंगाऱ्याला सकाळीच साध्या वॉर्डात हलवलं होतं. बाबांचे हात कुणीतरी छातीवर ठेवले होते, नऊ नखं काळी आणि एक लख्ख.

दफनाला सगळी मंडळी आली तेव्हा अकरा नंबर कोण होता ते त्यांना कळलं. मावशी आईच्या गळ्यात पडून रडल्या. मला आधी का नाही सांगितलंत, मी रोज वर येऊन बघितलं असतं, असं म्हणत राहिल्या. आई त्यांनाच थोपटत होती.

त्यानंतर दीड आठवड्याने, रविवारी दुपारी, मावशी एका माणसाला घेऊन घरी आल्या. पट्टी काढलेली होती, हात अजून गळ्यात. मी लगेच ओळखलं. मावशींनी चादर बदलताना त्याला सांगून टाकलं होतं, की तुझ्यासाठी सोळा माणसं बसली होती. तेव्हापासून त्याने भेटायचंच म्हणून धरलं होतं. ती चार दिवस त्याच्यासाठी बसली कशी, हे मावशींना माहीत नव्हतं. ते आम्हा दोघींना आणि पाळकसाहेबांना माहीत होतं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. काचेपाशी पाहिलेली बाई आईच, हे त्याने ओळखलं. मग बराच वेळ तो भिंतीकडे बघत होता. मला वाटलं अवघडलाय, पण त्याचं लक्ष पोपडे आलेल्या कोपऱ्याकडे होतं. रंगारीच तो. हात बरा झाला की एवढी भिंत करून देतो, असं म्हणाला. आई म्हणाली, काही द्यायचं नसतं.

"पण बाई, तुम्हाला माझा नंबर दिला कुणी?" त्याने विचारलं. "मला ओळखत नाही कुणी. आणि ओळखतात ते माझ्यासाठी प्रार्थना करणार नाहीत. मी काही चांगला माणूस नाही. बायको-पोरीला टाकून आलोय मी, बारा वर्षं झाली."

माझ्या तोंडाशी आलं होतं. चूक झाली, असं मला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं. ते तुझं नव्हतं. ते एका माणसाचं होतं ज्याने कुणाला टाकलं नाही, ज्याने चर्चचे पंखे वीस वर्षं दुरुस्त केले आणि आभाराचं एक वाक्यसुद्धा घेतलं नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी फोनवर बोलताना ती मला गप्प करायची, तसं.

"यादीत होता तुमचा नंबर," ती त्याला म्हणाली.

"पण मी कसा माणूस..."

"ते आम्ही विचारत नाही. नंबर तेवढा घेतो."

त्याने मान खाली घातली. डाव्या हाताने डोळे पुसायला गेला, ते त्याला नीट जमेना. आईने उठून त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. मी मागे गेले. तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती लाकडासारखी ताठ होती.

"त्याला मिळालं याचं मला वाईट वाटत नाही गं," ती म्हणाली. "खरंच नाही. पण ह्यांना का नाही, हे मला कळत नाही. दोघांना पुरलं नसतं का?"

मी तिची पाठ चोळत राहिले.

सोमवारी मी सासरी परतणार होते. बॅग भरत होते तेव्हा फोन वाजला. मावशी होत्या. नेहमीचा मोठा आवाज या वेळी फार खाली आला होता, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. आईचं बोलणं तेवढं ऐकू आलं. "सांगा ना, मावशी," ती म्हणाली. "त्यात काय." मग तिने निळी वही उघडली. जुन्या पानावर 'बेड ९'च्या पुढे बरोबरची खूण केली होती, खालच्या 'बेड ११'पुढे काहीच नव्हतं. तिने पान उलटलं, तारीख घातली, नंबर लिहिला, आणि सहाच्या तासापासून फोन लावायला घेतले.

"बेड अकरा," ती म्हणाली. पुढच्याला परत, "बेड अकरा." आवाज तोच, एक्स्चेंजमधला. मी बॅगेची चेन धरून उभी होते. दहावा फोन शिंपीकाकांचा, दुपारी तीन ते चार. तिकडून ते बराच वेळ काहीतरी बोलत होते. आईने मधे तोडलं नाही.

"मला माहीत आहे, तुमच्याच तासात गेले ते," ती शेवटी म्हणाली. "हो, खाट तीच आहे. पण आता तिथे दुसरं कोणीतरी आहे, भाऊ. वेळ तीच ठेवू का?"

मग आईने वहीत त्यांच्या तासापुढे खूण केली आणि चार ते पाचचा नंबर फिरवला.