पाठमोरी

अनारकुलने व्हिडिओ गेमचा कंट्रोलर मांडीवर ठेवला, चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने काचा पुसू लागली.

"मेले," ती म्हणाली. "पण भीतीने नाही. कंटाळून मेले."

सोफ्याच्या टोकाला बसलेल्या कुबातचा तळलेल्या पिठाचा बोरसोक घेतलेला हात तोंडाशीच थांबला. ऐझिरेक खाली गालिच्यावर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. तिने सासूकडे पाहिलं नाही, पडद्यावर आडव्या पडलेल्या गुराख्याकडे पाहिलं.

भरदुपारी खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतलेले होते. खाली अंगणात पोरं चेंडू आपटत होती, त्याचा धप्प धप्प आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येत होता. ऐझिरेकने सकाळी सांगितलं होतं, "आपा, सासू म्हणून बघू नका. रेडिओवर नाटकं बसवायचात, तशा बघा." अनारकुल म्हणाली होती, "बघते. पण मग रडायचं नाही." एके काळी फ्रुंझे रेडिओवर रविवारी तिची भुताची श्रुतिका लागली की शहरातली निम्मी पोरं पांघरुणात शिरायची, आणि तालमीला उशीर झाला की नामवंत नट तिच्या खोलीबाहेर घसा खाकरत उभे राहायचे. आता शहराचं नाव बदललं होतं, ते नट मातीआड गेले होते, पण अनारकुलची जीभ होती तशीच होती.

खेळ एकट्यानेच खेळायचा होता. एक गुराखी चुकलेले घोडे शोधत उन्हाळी कुरणावर परत येतो. जाड लोकरी नमद्याचे गोल तंबू उभे आहेत, चुलींत निखारे आहेत, पण माणूस एकही नाही. एवढ्यावर सुनेने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या कुबातने दोन वर्षं घालवली होती. शुक्रवारी अल्माटीचे प्रकाशक तो बघणार होते. त्यांनी घेतला तर घेतला. नाही तर पुढच्या महिन्यापासून ऐझिरेक पुन्हा बँकेच्या खिडकीमागे बसणार होती. तिने तसं स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलेलं ती मोडत नसे.

"ते काळं काहीतरी पेटीतून पहिल्यांदा उसळलं तेव्हा माझा चहा सांडला," अनारकुल म्हणाली. "दुसऱ्या तंबूत मी त्याची वाटच बघत होते. तिसऱ्यात म्हटलं, आलास का बाबा? बैस, चहा घे."

कुबातला हसू आलं. ऐझिरेक हसली नाही. "एकदाच ठेवू," ती म्हणाली.

"आणि किल्ल्या शोधायला लावू नका सारख्या. नमद्याच्या दाराला कुलूप कधी कुणी लावलंय? तुझा आजा ऐकता तर घोडे सोडून तुम्हालाच शोधत आला असता."

"किल्ल्या काढू."

"आणि तुमचा गुराखी धापा फार टाकतो. अंधारात मला त्याचीच भीती वाटायला लागली."

"धापा माझ्याच आहेत, आपा," कुबात म्हणाला. "माझ्याच आवाजात घेतल्यात."

"तरीच. बोरसोक कमी खा."

मग तिने कंट्रोलर पुन्हा उचलला आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "कुत्रं मात्र फार चांगलं जमलंय. भुंकत नाही, नुसतं त्या शेवटच्या तंबूकडे बघत राहतं. त्याला हात लावू नका. वाराही खरा आहे. नमद्यावर वारा असाच आपटतो, कोरडा. आणि त्याच्या हातात बंदूक दिली नाहीत, हे शहाणपणाचं. बंदूक असली की माणूस घाबरायचं विसरतो."

ऐझिरेकच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. कौतुकाने तिचं नेहमी असंच व्हायचं.

शेवटचा तंबू तेवढा राहिला होता. आत दिवा जळत होता. अनारकुलने गुराख्याला हळूहळू दारापर्यंत नेलं. कुत्रं मागेच थांबलं. तिने दारावरचा नमदा बाजूला सारला.

आत डोक्याला पांढरा फेटा गुंडाळलेली एक बाई बसली होती. दाराकडे पाठ, भिंतीकडे तोंड. मयताच्या घरी बायका बसतात तशी. गुराख्याने पाऊल आत टाकलं आणि तिने कोशोक सुरू केला. मेलेल्याचे गुण गात, हुंदके देत, वरच्या पट्टीतला विलाप. मग बाई गर्रकन वळली. कानापर्यंत फाटलेलं तोंड सगळ्या पडद्यावर आलं.

अनारकुलने कंट्रोलर बाजूला ठेवला.

"आता घाबरलात ना?" कुबातने उत्साहाने विचारलं.

"नाही. दारापर्यंत घाबरले होते. इथे भीती संपली. जी बाई इतकं सुरात रडते, तिची भीती कशी वाटेल? मला वाटलं, हिला कुणीतरी चहा आणून द्या."

"आपा, ती विलाप गाणारी नारिनची बाई आहे. तिला आणायला मी बर्फातून खिंड ओलांडून गेलो होतो. ती गायला लागली तेव्हा ध्वनिमुद्रण करणारा माणूस रडला."

"रडला ना? घाबरला तर नाही." अनारकुलने पडद्याकडे बोट केलं. "आणि हे तोंड कुठून आणलंत?"

"तयार विकत मिळतात," कुबात पुटपुटला.

"दिसतंय. विलाप काढा. तिला गप्प बसवा. बाकी सगळं जमेल, पण ही अशी राहिली तर खेळ इथे मेला म्हणून समजा."

कुबातने बोरसोकची बशी खाली ठेवली आणि ऐझिरेककडे पाहिलं. "ऐकलंस? आता तरी सांग."

"कुबात, नको."

"आधी ती गप्पच होती, आपा! पहिल्यापासून गप्प होती. ते बघून माझा भाऊ तंबूत जायलाच तयार नव्हता. हिनेच हट्टाने रडणं घालायला लावलं. मी किती डोकं आपटलं, कारण म्हणून सांगेना."

अनारकुलने सुनेकडे पाहिलं. ऐझिरेक गालिच्याचा निघालेला धागा बोटाला गुंडाळत होती. गुंडाळून झाला की सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची.

अनारकुलचा नवरा ओरोझबेक गेला त्या शरदात खाली याच अंगणात, जिथे आता पोरं चेंडू खेळत होती, तिथे इमारतींच्या मधोमध तंबू उभा केला होता. आत पडद्याआड ओरोझबेकला ठेवलं होतं. बाहेर नवीन माणूस आलं की पुरुष काठीवर वाकून आक्रोश करायचे, आणि आत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बायकांनी कोशोक उचलायचा. सर्वांत आधी बायकोने. जिची नाटकं सगळ्या मुलुखाने ऐकली होती त्या बायकोच्या तोंडून शब्द फुटला नाही. हात गुडघ्यांवर ठेवून अनारकुल तंबूच्या जाळीदार भिंतीकडे बघत राहिली. विलाप नणंदेने केला, जावांनी केला. गावाकडच्या बायका कुजबुजल्या. "दगड आहे, दगड," नणंद, म्हणजे ऐझिरेकच्या नवऱ्याची आत्या, म्हणाली, आणि ते ऐकू येईल अशाच आवाजात म्हणाली. नंतर घरात त्याबद्दल कुणी कधी बोललं नाही.

ऐझिरेक तेव्हा नवी नवरी होती. ती दाराशी बसून चहा ओतत होती.

"तू दाराशी होतीस," अनारकुल म्हणाली.

"हो, आपा."

"मी अशी दिसत होते?"

ऐझिरेकने धागा सोडून दिला. "मला आत यायची भीती वाटायची. तुमची नाही. तुम्ही वळाल याची. तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत तर काय करायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. नंतर वाटलं, लोक ओळखतील. आत्या तर लगेच ओळखतील. म्हणून विलाप घातला."

"आत्याला कंट्रोलर धरता येतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

कुबात छताकडे बघत बसला होता. अनारकुल सोफ्याच्या हाताला धरून उठली. कोपऱ्यातल्या गाद्यांच्या घड्यांमधून तिने एक जाड बैठक ओढली आणि पायाने सरकवत समोरच्या भिंतीला लावली. डोक्यावरची ओढणी सोडून पुन्हा नीट घट्ट बांधली.

"कुबात, माइक आणलायस का?"

"पिशवीत आहे."

"इथे खाली ठेव. चालू कर, आणि बाहेर जाऊन बस. तुझ्या धापा या शांततेत नकोत."

त्याने मुकाट्याने माइक ठेवला आणि स्वयंपाकघराकडे जाऊन दार लोटून घेतलं. अनारकुल भिंतीकडे तोंड करून बसली. गुडघे कुरकुरले.

"तू तिकडच्या दारातून ये," ती म्हणाली. "खेळणारा येतो तशी. चप्पल काढून."

मागे दार उघडलं. पावलं आली, उंबऱ्याशी अडखळली, थांबली. अनारकुल समोर भिंतीला चिकटवलेल्या कागदावरची फिकट वेल बघत होती. कुठल्या क्षणी वळायचं हे तिला कुणी सांगायला नको होतं. आयुष्यभर तिने दुसऱ्यांना तेच सांगितलं होतं. आतून तिने चेहरासुद्धा तयार ठेवला होता.

"आपा," ऐझिरेक मागून कुजबुजली, "आता वळा."

"नाही."

"मग शुक्रवारी तोंड कुठलं दाखवू?"

"तोंड नको. ती वळत नाही. गुराख्याला आत यावं लागेल."

मग पावलं गालिच्यावर आली, एकेक, जणू पुढचं पाऊल पडेल की नाही हे तपासत. ती अगदी जवळ येऊन थांबली.

"आला. आता?"

"बसायला सांग त्याला."

ऐझिरेक खाली बसली. तिचा खांदा सासूच्या खांद्याला लागला. दोघींच्या समोर भिंत होती.

"आणि मग काय होतं, आपा?"

"काही नाही. तो किती वेळ बसू शकतो, ते बघायचं."

खालच्या पोरांचा चेंडू थांबला होता. स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं आणि कुबातने आत डोकं घालून विचारलं, "संपलं का?"

दोघींपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.